दोन रकाने



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्या सरांचं नाव मी भाषणात घेणार नाही. पत्रिकेवर ते आहे, माझ्या पाठीमागच्या फलकावर आहे, तेवढं पुरे. हयात असते तर स्वतःचं नाव दुसऱ्यांदा ऐकताच ते चप्पल शोधायला लागले असते.

यंदाचा विषय ‘विमानवेड्यांचा ग्रुप सांभाळताना’ असा छापलाय. तो वाचून गावातल्या एका ज्येष्ठांनी मला फोन केला. म्हणाले, “अरे, आपल्याकडं विमान येत नाही, अन् तू ग्रुप कसला सांभाळतो?” प्रश्न रास्त आहे. जालना म्हटलं की बियाणं, सळई आणि मोसंबी. धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान तिथून सुटत नाही. तरी आमच्या ग्रुपात चारशेच्या वर माणसं आहेत. अंबडचा औषधदुकानदार आहे, भोकरदनचे निवृत्त तलाठी आहेत, परतूरची बी.एस्सी. करणारी मुलगी आहे. रोलिंग मिलमधला एक फिटर आहे, त्याला ७३७ आणि ए-३२० यांतला फरक विचारा. इंजिनाचं तोंड खालून चपटं दिसलं आणि शेपटीच्या बुडाशी कोन असला की बोइंग, असं तो भट्टीसमोर उभा राहून घाम पुसत सांगतो. विमानात तो अजून बसलेला नाही. आमच्यातले निम्मे तरी बसलेले नाहीत. वेड लागायला बसावं लागत नाही, मान वर करता आली की झालं.

हे वेड आम्हाला सरांनी लावलं. ते भूगोल शिकवायचे. वर्षातून एकदा ते आठ-दहा पोरांना एस.टी.त घालून औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळाकडे न्यायचे. आपल्या गावापासून पन्नासेक किलोमीटर. विमानतळ जालना रोडलाच आहे, त्यामुळे तिकीट शहरापर्यंतचं काढायचीसुद्धा गरज नसे. आत जायला कोण देणार? कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, डोक्यावर रुमाल टाकून उभं राहायचं. मुंबईचं विमान यायचं, उतरायचं, तासाभरानं उडायचं. एवढ्यासाठी सगळा दिवस.

पण सरांबरोबर नुसतं बघणं नसे. प्रत्येकाकडे शंभर पानी वही. पानावर मधोमध उभी रेघ. डाव्या रकान्यावर ‘पाहिलं’, उजव्यावर ‘ऐकलं’. माझ्या एका मित्रानं डावीकडे लिहिलं, ‘विमान मुंबईला गेलं.’ सरांनी वही घेतली आणि विचारलं, “तू मुंबईपर्यंत गेला होतास का?” मित्र गप्प. “मग ‘पश्चिमेला गेलं’ असं लिही. मुंबई उजवीकडे.” आम्हाला तेव्हा हे फार किरकिरं वाटायचं. विमान मुंबईचंच असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

सरांच्या माघारी आम्ही पाच-सहा जणांनी २०१६ मध्ये व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. तेव्हा ग्रुपात २५६ माणसांची मर्यादा होती, म्हणून बरं चाललं होतं. २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. घर वाढवलं की पाहुणे वाढतात. मी ॲडमिन. या पदाला मराठीत काय म्हणावं यावर ग्रुपात दोन दिवस चर्चा झाली होती. ‘नियंत्रक’ सुचलं, ‘व्यवस्थापक’ सुचलं. तलाठीकाकांनी ‘पोलीसपाटील’ सुचवलं. फिटर म्हणाला, “हमाल म्हणा.” त्याचा शब्द मला सगळ्यात खरा वाटतो. सकाळी उठून कमळाच्या फुलावरचे सुप्रभात उचलायचे, लग्नपत्रिका उचलायच्या, स्वस्त तिकिटांच्या जाहिराती उचलायच्या, रात्री कुणाची तरी समजूत काढायची आणि झोपायचं.

ॲडमिन झालो तेव्हा मला एकच धास्ती होती. कुणी काही भलतंसलतं टाकलं तर पोलीस मला धरतील. ही धास्ती आपल्याच राज्यातल्या एका निकालानं कमी केली. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण. ग्रुपातल्या एका सदस्यानं एका महिला सदस्याबद्दल अश्लील मजकूर लिहिला आणि ॲडमिननं त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. ॲडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं. कोण काय लिहील यावर त्याचा ताबा नसतो. दोघांचा मिळून बेत होता असं दिसलं तरच त्याला जबाबदार धरता येईल.

निकाल वाचून मी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्याच वर्षी व्हॉट्सॲपनं ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय दिली. आता माझ्या हातात खोडरबर आलं. कायद्यानं मला सोडवलं होतं, खोडरबरानं पुन्हा अडकवलं. आता जे राहतं ते मी राहू दिलेलं असतं.

या खोडरबराचा मी सगळ्यात निर्दयपणे वापर कुठं करतो, ते आधी सांगतो. ‘एअरपोर्टवर भरती, दहावी पास, पगार अमुक, मुलाखत नाही, नोंदणी फी भरा.’ हा मेसेज दर महिन्याला वेगळा कपडा घालून येतो. आपल्या जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या मुलानं असाच मेसेज वाचून पैसे भरले होते. आधी नोंदणीचे, मग गणवेशाचे, मग वैद्यकीय तपासणीचे. हजर होण्याचं पत्र घेऊन तो विमानतळाच्या दारात गेला तेव्हा दारावरच्या जवानानं ते पत्र बघितलं आणि त्याला पाणी दिलं. असं पत्र घेऊन येणारा तो पहिला नसावा. मेसेज त्याला आमच्या ग्रुपातून गेला होता. टाकणाऱ्यानं चांगल्या मनानं टाकला होता. आता मी असा मेसेज विचारपूस न करता पुसतो आणि त्या जागी कोरडी माहिती टाकतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, २०० तासांचं उड्डाण लागतं, पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी लागते. लोकांचा उत्साह मावळतो. मावळू दे.

आता २६ एप्रिलबद्दल.

माझ्या वयाच्या माणसांना तारीख सांगावी लागत नाही. २६ एप्रिल १९९३, सोमवार. इंडियन एअरलाइन्सचं दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं बोइंग ७३७ औरंगाबादहून मुंबईला निघालं. आत ११८ माणसं. धावपट्टीच्या टोकाला विमान पुरेसं वर गेलेलं नव्हतं. टोकापासून सुमारे ४१० फुटांवर बीडकडचा रस्ता, आणि रस्त्यावर रुईच्या गठाणी भरलेला ट्रक. विमानाचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग जमिनीपासून जेमतेम सात फुटांवर त्या ट्रकला लागला. पुढे ईशान्येला तीनेक किलोमीटरवर विजेच्या तारा, आणि मग शेत. ५५ माणसं गेली.

दरवर्षी या तारखेला ग्रुपात दोन पक्ष पडतात. मी त्यांना मनातल्या मनात पायलटवाले आणि ट्रकवाले म्हणतो. ट्रकवाल्यांचा पक्ष मोठा. आपल्या भागात ही गोष्ट तीस वर्षं ‘ट्रक आडवा आला’ अशीच सांगितली जाते. पायलटवाल्यांचा पक्ष लहान, पण चौकशी अहवाल त्यांच्या तोंडपाठ. तेही अर्धाच सांगतात. चौकशीनं दोन कारणं दिली होती. वैमानिकानं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली, हे एक. विमानाच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानं रोखून धरली नाही, हे दुसरं.

आणि दोन्ही पक्ष एका गोष्टीकडे बघतच नाहीत, ती म्हणजे एप्रिलमधली दुपार. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून १९०० फुटांहून उंच आहे. तिथं त्या महिन्यात, दुपारी एकच्या सुमाराला, हवा तापून विरळ होते. विरळ हवेत पंखालाही कमी मिळतं आणि इंजिनालाही, म्हणून विमानाला जास्त धावावं लागतं. हे कुणाचा दोष काढायला किंवा झाकायला सांगत नाही. अशा दुपारी धावपट्टीचा प्रत्येक फूट महाग असतो, आणि उचलायला झालेला दोन-तीन सेकंदांचा उशीर संध्याकाळच्या मानानं जास्त भोवतो, एवढंच.

काही वर्षांपूर्वी हा वाद असाच पेटला. ट्रकवाले जोरात होते. कुणी ट्रकच्या ड्रायव्हरला दारू पाजली, कुणी त्याला झोपवलं, कुणी त्याला फाटक तोडायला लावलं. मी एका लग्नात होतो, फोन खिशात. रात्री उघडला तेव्हा दोनशेच्या वर मेसेज, आणि त्यांच्या मधोमध एका माणसाचा एकच. हा माणूस ग्रुपात कधी बोलत नसे. त्याचे वडील जिनिंग-प्रेसिंगच्या गठाणी ट्रकनं न्यायचे. तो ट्रक त्यांचा नव्हता, पण ते त्याच रस्त्यानं जायचे. त्यानं लिहिलं होतं, ‘आडवा आला म्हणता. तो रस्ता होता. ट्रक रस्त्यावरच असतो.’ आणि खाली ती करड्या अक्षरातली ओळ. तो ग्रुप सोडून गेला होता.

मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. चहा झाला. कापसाचा भाव, पाऊसपाणी, पोराची बारावी, सगळं बोलून झालं. तो परत आला नाही.

ॲडमिन म्हणून मला शिव्या खूप पडल्या आहेत, त्यांचं काही वाटत नाही. ही एक गोष्ट मात्र मी चुकलो म्हणून घडली असं मला वाटतं. कुणी अपशब्द वापरला नव्हता, कुणी नियम मोडला नव्हता. पुसण्याजोगा एकही मेसेज त्यात नव्हता. सगळ्यांनी फक्त ऐकलेलं पाहिलेल्याच्या रकान्यात लिहिलं होतं. त्या रात्री मला सरांची ती उभी रेघ आठवली आणि आम्ही नियम केला. मेसेजच्या सुरुवातीला लिहायचं, पाहिलं की ऐकलं. अहवाल वाचला असेल तर तो ‘ऐकलं’मध्येच जातो, फक्त कुणाकडून ऐकलं ते सांगायचं. लोक हसले, मग रुळले. आता तर काही जण घरच्या ग्रुपातही लिहितात. ‘ऐकलं : मामा येणार आहेत.’

या नियमाची खरी कसोटी शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी ती गोष्ट ऐकलीय. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर तळपद्यांनी ‘मारुतसखा’ नावाचं यंत्र उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. तळपदे खरे, त्यांचा संस्कृतचा व्यासंग आणि विमानाचा ध्यासही खरा. उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा मात्र कुणी पुढे ठेवलेला नाही. त्याच्या जोडीला ‘वैमानिक शास्त्र’ येतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली ते तपासलं. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि आमच्यासारख्यांना पुढच्या दहा वर्षांची भांडणं मिळाली.

इथं ॲडमिनची गोची अशी की अडवलं तर मराठी माणूसच मराठी माणसाचा पाय ओढतो, असं होतं. मला एकानं तसं तोंडावर सांगितलंय. मी अडवत नाही. मी एवढंच म्हणतो, “भाऊ, उजव्या रकान्यात लिही.” तो लिहीत नाही, चिडतो, दोन दिवस बोलत नाही. मग माझी बाजू घेऊन फिटर कांदिवलीच्या अमोल यादवांची गोष्ट टाकतो. घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. म्हणे, “हे घ्या, डावीकडचं.” किंवा सप्टेंबर २०२१, नांदेड जिल्ह्यातल्या हस्तऱ्याचे विवेक राम चौधरी हवाई दलाचे प्रमुख झाले तो दिवस. त्या दिवशी मी एकही मेसेज पुसला नाही, पेढ्यांचे फोटोसुद्धा नाही. अभिमानाची हौस भागवायला खरंखुरं पुष्कळ आहे आपल्याकडे.

काही वेळा मात्र पाहिलेलंही अडवावं लागतं. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता. उत्तरेतले आणि पश्चिमेतले बत्तीस विमानतळ बंद झाले होते. आमच्यातल्या एका उत्साही मुलानं प्रवासात खिडकीतून काढलेला एका लष्करी तळाचा फोटो टाकला आणि वर अभिमानानं लिहिलं, ‘पाहिलं’. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. मी तो पुसला आणि ग्रुप बंद केला, म्हणजे फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं केलं. मला रात्रभर वैयक्तिक मेसेज येत होते. ‘हुकूमशहा’ हा त्यातला सौम्य शब्द. त्याच महिन्यात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं लष्करी विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडच्या, उडताना दहा हजार फुटांपर्यंत खिडकीचे पडदे खाली ठेवायला सांगितलं आणि फोटोंना मनाई केली. मी तो आदेश ग्रुपात टाकला, पण मला त्यातून समाधान मिळालं असं नाही. मुलाची चूक एवढीच की त्याला आवडलेली गोष्ट त्याला दाखवायची होती. परदेशातही हे होतं. २००१ साली ग्रीसमध्ये विमानं टिपायला गेलेल्या १४ ब्रिटिश आणि डच हौशी लोकांना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं होतं. त्यांना शिक्षाही झाली आणि वर्षभरानं अपिलात ते सुटले. वहीत नंबर लिहिणारा माणूस कुठल्याही देशातल्या शिपायाला संशयितच वाटतो.

आणि मग पुढच्याच महिन्यात, १२ जून २०२५, अहमदाबाद.

एअर इंडियाचं १७१, बोइंग ७८७. विमानातल्या २४२ जणांपैकी एक वाचला. जमिनीवरचे धरून २६० माणसं गेली. दुपारी दोनच्या आत पहिला व्हिडिओ ग्रुपात आला आणि अडीचपर्यंत आमच्यात चारशे तज्ज्ञ तयार झाले. फ्लॅप, पक्षी, इंधनात पाणी, घातपात. औषधदुकानदारानं तर चाकं वर का नाहीत यावर आकृती काढून पाठवली. मी तिथं एक गोष्ट केली, ती मला बऱ्यापैकी जमली असं वाटतं. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार अपघाताचा प्राथमिक अहवाल तीस दिवसांत यावा अशी अपेक्षा असते, आणि चौकशीचा हेतू दोष वाटणं नसून पुढचा अपघात टाळणं हा असतो. मी लिहिलं, ‘तीस दिवस सुतक पाळू. कारणांवर कुणी बोलायचं नाही.’ सुतक हा शब्द लागू पडला. ‘नियम’ म्हटलं असतं तर वाद झाला असता. सुतकाशी आपल्याकडं कुणी वाद घालत नाही.

१२ जुलैला अहवाल आला. उडाल्यावर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंदच्या बाजूला गेले. एकानं विचारलं, का बंद केलंस. दुसरा म्हणाला, मी नाही केलं. अहवालात एवढंच होतं, आणि कोण कुणाला म्हणालं तेही नव्हतं. पाच मिनिटांत ग्रुपात वैमानिकाचा निकाल लागला. म्हणजे महिनाभराच्या सुतकानं आमच्यात पाच मिनिटांचा फरक पडला होता. पुढे नोव्हेंबरमध्ये मुख्य वैमानिकाचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मुलावर दोष आलाय हे ओझं मनावर घेऊ नका, असं न्यायालयानं त्यांना सांगितलं. ती बातमी मी ग्रुपात टाकली. तिच्याखाली कुणी काही लिहिलं नाही. मला त्या वेळी गठाणीवाल्याचा मुलगा आठवत होता.

बोलायचं म्हणून मी आज बराच शहाणा माणूस असल्यासारखा बोललोय, तेव्हा शेवटचं सांगून टाकतो.

यंदापासून परतूरच्या मुलीला मी दुसरी ॲडमिन केलंय. तिचं वय एकवीस. गेल्या २६ एप्रिलला मी नेहमीप्रमाणे एक आठवण लिहिली. वर्षानुवर्षं सांगत आलोय ती. ‘पाहिलं : त्या दिवशी मी नववीत होतो. आमच्या गच्चीवरून चिकलठाण्याच्या दिशेला धूर दिसत होता.’ चार मिनिटांत माझा मेसेज पुसला गेला. मी तिला फोन केला. जरा आवाज चढवूनच केला. ती म्हणाली, “सर, जालन्यातून पन्नास किलोमीटरवरचा धूर दिसला तुम्हाला?” मी म्हणालो, “दिसला. मला अजून आठवतो, काळा होता.” ती म्हणाली, “बरं सर. वही आहे का?”

वही माझ्याकडे नव्हती. सर वर्षाच्या शेवटी सगळ्यांच्या वह्या जमा करून घ्यायचे. मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. आज पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मुलानं माळ्यावरून एक खोकं काढून दिलं. त्यात आमच्या सगळ्यांच्या वह्या होत्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या. माझी सापडली. पान उघडलं. २६ एप्रिल १९९३, सोमवार. अक्षर माझंच, शाईचा डाग माझाच. डावा रकाना रिकामा. उजव्या रकान्यात लिहिलं होतं, ‘विमान पडलं. एस.टी. स्टँडवर ऐकलं. लई धूर होता म्हणतात.’